बेथलेहेमजवळची टेकडी आणि १९१६ चं खरेदीखत

वाडीकर

२०१८ च्या ऑक्टोबरात मी आठ दिवस बेथलेहेमजवळच्या एका शेतावर जैतुनं तोडायला गेलो होतो. जर्मनीत आमच्या चर्चमधून चारपाच जण जातात, त्या वर्षी मी गेलो. (जैतून म्हणजे ऑलिव्ह. आम्ही वसईचे ख्रिस्ती मराठी बायबलमुळे जैतूनच म्हणतो.) आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत राहिलं. परवा इथल्याच एका चर्चेत कुणीतरी ठासून लिहिलं होतं की कागद पक्के असले की जमिनीला कुणी हात लावू शकत नाही. ते वाचून रात्री झोप लागली नाही. ज्यांच्या शेतावर मी राहिलो त्यांच्याकडे तुर्की काळापासूनचे कागद आहेत.

नस्सार हे कुटुंबाचं आडनाव. पॅलेस्टिनी ख्रिस्ती, ल्यूथरन पंथाचे. दाहेर नस्सार या माणसाने १९१६ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना आणि तिथे तुर्कांचं राज्य असताना, बेथलेहेमच्या नैर्ऋत्येला नऊएक किलोमीटरवर नहालीन गावाजवळची एक टेकडी विकत घेतली. साधारण १०० एकर. तिकडे जमीन दूनममध्ये मोजतात. एक दूनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपल्या भाषेत दहा गुंठ्याला थोडं कमी. म्हणजे ४०० दूनम. त्या काळी बरेच शेतकरी कराच्या आणि सैन्यभरतीच्या भीतीने जमीन नावावर लावून घेत नसत, किंवा खरी होती त्याहून कमी लावत. दाहेरने मात्र रीतसर नोंद केली. पुढे ब्रिटिश आले तेव्हा त्यांच्या दप्तरातही नोंद केली. कर भरला, पावत्या जपल्या.

कुटुंब टेकडीवरच्या गुहेत राहायचं. गुहा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी भयंकर येतं, तसं नाही. तिथल्या चुनखडीच्या डोंगरात अशा नैसर्गिक गुहा आहेत आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यात राहत आलेत. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. दाहेरचा मुलगा बिशारा याच जमिनीत राबला. १९७६ मध्ये तो वारला. आता त्याची मुलं शेत बघतात. दाऊद नस्सार हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल, तो जगभर फिरून या शेताबद्दल बोलतो. थोरल्या भावाचं नाव आजोबांचंच, दाहेर.

१९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक, म्हणजे बेथलेहेमसकट हा सगळा भाग, इस्रायलच्या ताब्यात गेली. त्यानंतर आजूबाजूच्या टेकड्यांवर एकेक इस्रायली वसाहत उभी राहिली. आज नस्सारांच्या टेकडीवर उभं राहिलं की नेवे दानिएल, एलाझार, रोश त्सुरीम, बेतार इल्लित, जिकडे पाहावं तिकडे लाल कौलांची किंवा पांढऱ्या दगडांची वस्ती दिसते. मधे ही एकच टेकडी, जैतुनांची, द्राक्षांची, बदामांची.

१९९१ मध्ये लष्करी प्रशासनाने ही जमीन सरकारी असल्याचं जाहीर केलं. कुटुंबाने लष्करी न्यायालयात कागद मांडले. ते प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००७ मध्ये त्यांना जमिनीची नव्याने नोंदणी सुरू करायची मुभा मिळाली. वाचताना वाटतं, जिंकले! पण मुभा मिळणं आणि नोंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांनी एकदा तरी भूमिअभिलेखात फेऱ्या मारल्या आहेत त्यांना सांगायला नको. मी गेलो तेव्हा तारखाच चालू होत्या. खटल्याला २७ वर्षं झाली होती.

बाकीचं थोडक्यात. २००० नंतरच्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात लष्कराने शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठाले दगड टाकले. गाडी आत जात नाही. आम्ही सामान खांद्यावर घेऊन दगड ओलांडून गेलो. २००२ च्या सुमारास वसाहतवाल्यांनी २५० जैतुनाची झाडं उखडली. त्याच्या बदल्यात युरोपातल्या ज्यू लोकांच्या एका गटाने २५० रोपं दिली आणि लावायलाही ते आले. १९ मे २०१४ च्या सकाळी लष्कराचे बुलडोझर खालच्या खोऱ्यात उतरले आणि दीड हजारांच्या आसपास फळझाडं जमीनदोस्त केली. जर्दाळू, सफरचंद, द्राक्षवेली. फळ उतरवायला काही दिवस राहिले होते. झाडं पाडायच्या हुकुमाविरुद्ध कुटुंबाने अपील केलेलं होतं. लष्कराचं म्हणणं, झाडं सरकारी जमिनीवर बेकायदा लावली होती.

मी त्या खोऱ्यात उभा राहिलो तेव्हा माझ्या डोक्यात आमची वाडी होती. केळीचा एक घड चोराने कापून नेला तरी बाबा दिवसभर जेवायचे नाहीत. दीड हजार झाडं!

शेताच्या तोंडाशी एक दगड आहे. त्यावर वेगवेगळ्या भाषांत एकच वाक्य रंगवलंय. मराठीत मी ते असं म्हणेन: आम्ही कुणाचे वैरी होणार नाही. जाण्यापूर्वी फोटोत पाहिलं होतं तेव्हा मला ते जरा भाबडं वाटलं होतं. तिथे आठ दिवस राहिल्यावर वाटलं की हे फार कष्टाचं काम आहे, पहाटे उठून करायचं. रागावून हात उचलला तर दुसऱ्या दिवशी जमीन जाईल. कंटाळून शहरात गेलात तर जमीन पडीक ठरून जाईल. मग काय उरतं? कोर्टात तारखेला हजर राहायचं आणि शेतात रोज हजर राहायचं. कागद तुम्हाला कोर्टाच्या दारापर्यंत नेतो. जमीन हातात राहते ती पायाखाली असते म्हणून. त्यांच्याकडे यासाठी एक शब्द आहे, सुमूद. चिवटपणे टिकून राहणं.

ज्यांना जमिनीच्या कायद्यातलं कळतं त्यांनी पुढे लिहावं. मला न समजलेलं बरंच आहे.


अनघा_पुणे

एका दमात वाचलं. माझा प्रश्न अगदी साधा आहे. खरेदीखत आहे, नोंद आहे, कराच्या पावत्या आहेत, आणि प्रत्यक्ष शेती चालू आहे. मग जमीन सरकारी कशी ठरते? कुठल्या कायद्याने?


तासगावकर

माझी द्राक्षबाग आहे, म्हणून मे महिन्यातल्या त्या सकाळीवर अडकलो. एप्रिलात आमची खरड छाटणी असते आणि ऑक्टोबरात फळ छाटणी. तिकडे थंडी असल्यामुळे एकदाच, हिवाळ्यात छाटत असणार. म्हणजे मे महिन्यात वेलीवर नुकते मणी धरलेले, आणि जर्दाळू तर पिकायला आलेला. नवीन वेल लावली तर धड माल यायला आम्हाला दोन वर्षं लागतात, आणि आमच्याकडे ठिबक आहे, खत आहे, बँक आहे. कोरडवाहू डोंगरावर किती वर्षं लागत असतील? जैतूनाचं तर सोडाच, ते लावणाऱ्याच्या मुलाला फळ देतं असं ऐकलंय.

गारपिटीत बाग गेली की रडू येतं, पण ते आभाळातून आलेलं असतं. माणसाने ठरवून, कागद हातात घेऊन, माल तयार असताना हे करावं?

वाडीकर, पाण्याचं काय करतात ते जरा सविस्तर लिहा.


वाडीकर

तासगावकर, पाण्याचाच प्रश्न मी रोज विचारत होतो.

नळ नाही. वीज नाही. म्हणजे आजूबाजूच्या वसाहतींना दोन्ही आहे, या टेकडीला नाही. ही जमीन 'क' क्षेत्रात येते. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारात वेस्ट बँकेचे तीन तुकडे पडले, त्यातला साठ टक्क्यांच्या आसपासचा हा भाग पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यात राहिला. तिथे काहीही बांधायचं तर त्यांचा परवाना लागतो आणि पॅलेस्टिनी माणसाला तो मिळणं जवळपास अशक्य. परवान्याशिवाय बांधलं की पाडायची नोटीस. नस्सारांना तंबूंवर नोटिसा आल्या आहेत, गोठ्यावर आल्या आहेत, पाण्याच्या टाक्यांवर आल्या आहेत. जमिनीत खोदलेली पावसाच्या पाण्याची टाकी हेसुद्धा बांधकामच.

म्हणून ते जमिनीखाली गेले. जुन्या गुहा साफ करून त्यातच बसा-उठायच्या खोल्या केल्या, एका गुहेत प्रार्थना होते. पाऊस नोव्हेंबर ते मार्च. तेवढ्यात जे टाक्यांत साठेल त्यावर उन्हाळा काढायचा. आमच्या वसईत बावखलं होती, गोड्या पाण्याची तळी, त्यावर रहाट लावून वाड्या शिंपत. मला सारखी त्यांची आठवण येत होती. फरक एवढाच की आमची बावखलं आम्ही स्वतः बुजवली.

वीज सौर पॅनेलवर. संडास कोरडे, त्याचंच खत होतं. लोक याला पर्यावरणपूरक शेती म्हणून नावाजतात, आणि आहेही. पण सुरुवात आवडीतून झाली नाही, दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. झाडं मात्र बहुतेक पावसावरच जगतात. नवीन रोपाला पहिली दोनतीन वर्षं डब्याने पाणी घालायचं. ते काम मी केलंय, खांदे भरून येतात.


जुने_दप्तर

अनघाताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. तीस वर्षं महसुली दाव्यांत गेली, त्यामुळे या विषयावर हाती लागेल ते वाचत असतो.

मूळ आहे १८५८ चा तुर्की जमीन कायदा. त्यात जमिनीचे प्रकार पाडले होते. मुल्क म्हणजे पूर्ण खाजगी मालकी, ही बहुधा गावठाणात आणि शहरात. मीरी म्हणजे शेतजमीन, जिची अंतिम मालकी सुलतानाची, पण कसणाऱ्याचा हक्क वारसाने चालतो आणि तो विकताही येतो. मवात म्हणजे गावापासून दूरची ओसाड जमीन. मीरी जमीन दहा वर्षं कसली तर हक्क पक्का होतो, आणि सबळ कारणाशिवाय तीन वर्षं पडीक ठेवली तर ती सरकारजमा होऊ शकते. सुलतानाला कर हवा होता, म्हणून शेतकऱ्याला कसायला लावणारा हा कायदा.

ब्रिटिशांनी १९२८ पासून गावोगाव मोजणी करून नोंदी पक्क्या करायला घेतल्या. १९४८ नंतर वेस्ट बँक जॉर्डनकडे होती, त्यांनी ते काम पुढे नेलं. १९६७ पर्यंत वेस्ट बँकेतल्या सुमारे एक तृतीयांश जमिनीचंच काम पुरं झालं होतं. १९६८ मध्ये इस्रायली लष्करी हुकूम क्रमांक २९१ निघाला आणि मोजणी-नोंदणी आहे तिथे थांबली. म्हणजे दोन तृतीयांश शेतकरी अर्ध्या वाटेवर अडकले. हातात जुने कागद, पण सरकारी नकाशावर पक्की रेघ नाही.

आता पुढचं बघा. सुरुवातीला वसाहतींसाठी जमीन 'लष्करी गरज' म्हणून घेतली जायची. १९७९ मध्ये नाब्लुसजवळच्या एलोन मोरेच्या खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने हे अडवलं. जमीनमालक शेतकरी तो खटला जिंकले. त्यावर सरकारने वेगळी वाट काढली. तुर्की कायदा बाहेर काढला आणि म्हटलं, जी जमीन पक्क्या नोंदीची नाही आणि निम्म्याहून जास्त कसलेली दिसत नाही, ती सरकारी. खडकाळ डोंगरउतारावर शेतकरी मधल्या मधल्या मातीच्या पट्ट्यांत झाडं लावतो, उरलेला खडकच असतो. विमानातून काढलेल्या फोटोत ती जमीन 'पडीक' दिसते. घोषणा झाली की हरकतीला ४५ दिवस. ती ऐकणार लष्करी समिती. आणि पुरावा द्यायची जबाबदारी शेतकऱ्यावर.

जुन्या तुर्की दस्तांत आणखी एक अडचण आहे, जी आपल्याकडे जुनी खरेदीखतं चाळलेल्याला लगेच कळेल. क्षेत्र ढोबळ, आणि बाकी सगळं चतुःसीमेवर. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओहोळ, पश्चिमेस वाट. तो अमका मरून साठ वर्षं झाली, वाट मोडली, ओहोळ सरकला. मग समोरचा वकील विचारतो, ही जमीन नेमकी कुठली?

वाडीकर म्हणतात ते म्हणूनच मला नेमकं वाटलं. ज्या कायद्यात 'पडीक' हा शब्दच हत्यार आहे तिथे नांगर हा पुरावा असतो.


तटस्थ

लेख मनापासून लिहिलेला आहे, पण एक बाजू पूर्ण गाळली गेली आहे, ती मांडतो. राग नसावा.

ज्या वसाहतींचा उल्लेख आहे तो गुश एत्झिओनचा पट्टा. तिथे ज्यू वस्ती १९६७ नंतर प्रथम आली असं नाही. कफार एत्झिओन १९४३ मध्ये वसलं, त्याआधीही त्या भागात जमिनी विकत घेऊन वस्तीचे प्रयत्न झाले होते. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात १३ मे १९४८ ला ते गाव अरब सैन्यापुढे पडलं आणि शरण आलेल्यांसह सव्वाशेच्या वर माणसं मारली गेली. त्यांची लहान मुलं जेरुसलेमकडून त्या टेकड्यांकडे बघत मोठी झाली आणि १९६७ मध्ये परत आली. त्यांच्यासाठीही ती वाडवडिलांची जमीन आहे. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली, हे विसरून आज या भागाबद्दल काही लिहिता येईल असं मला वाटत नाही.


वाडीकर

तटस्थ, राग कसला. कफार एत्झिओनचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. आम्ही जाताना वाटेत तो भाग पाहिला. हरवलेल्या गावाकडे दुरून बघत वाढलेली मुलं, हे चित्र माझ्याही मनातून जात नाही.

पण मग तेच माप दोन्हीकडे लावू या. १९४३ मध्ये वसलेलं आणि १९४८ मध्ये हिसकावलेलं गाव परत मिळणं जर न्याय असेल, तर १९१६ मध्ये पैसे मोजून घेतलेली आणि एकही दिवस न सोडलेली टेकडी कुठल्या न्यायाने जाते? १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी माणसं घरंदारं सोडून गेली, तीही दुरून आपल्या गावाकडे बघत मोठी झाली. त्यांना परत जायची मुभा नाही. नस्सारांनी कुणाचं काही घेतलेलं नाही. कफार एत्झिओनमध्ये जे झालं त्यातही त्यांचा हात नाही.

७ ऑक्टोबरबद्दल: त्या दिवशी मी तिथल्या ओळखीच्या दोन्हीकडच्या माणसांना निरोप पाठवत होतो. त्या क्रौर्याला दुसरा शब्द नाही. त्याची भरपाई नहालीनच्या शेतकऱ्याने का करायची एवढंच मला कळत नाही. त्या हंगामात वेस्ट बँकेतल्या कितीतरी शेतकऱ्यांना झाडापर्यंत जाऊ दिलं नाही, जैतुनं झाडावर सुकली.

एक राहिलं होतं. मे २०२१ मध्ये नस्सारांच्या शेताला आग लागून हजारएक झाडं जळाली. २८ जानेवारी २०२२ ला तोंडं झाकलेल्या टोळक्याने काठ्या घेऊन दाऊद आणि दाहेर या दोघा भावांना शेतातच मारलं, दोघे इस्पितळात होते. त्यानंतरही दगडावरचं वाक्य तसंच आहे.


नवगावकरीण

दोन दिवस लिहू की नको करत होते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो, माहेर अलिबागजवळ. तेल पाडणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवारतेली. मावशी साठच्या दशकात इस्रायलमध्ये अशदोदला गेली, आता ८३ वर्षांची आहे. घरात अजून मराठी, मलिद्याचं ताट अजून. तिने सायरन वाजल्यावर नातवंडांना घेऊन जिन्याखाली बसून काढलेल्या रात्री मी फोनवर ऐकल्या आहेत. त्यामुळे तटस्थ यांनी लिहिलं ते मला परकं नाही.

काल मावशीला हा धागा वाचून दाखवला. सगळा. ती मधे एकदाच बोलली. म्हणाली, "आम्हालाही कागद मागितले होते गं." साठच्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्रायल मुलामुलींच्या लग्नाआधी त्यांच्या आजी-पणजीपर्यंत चौकशी व्हायची, तुम्ही खरे ज्यू की नाही म्हणून. कोकणातून आलेल्या माणसाने पणजीचा कागद कुठून आणायचा? आपली माणसं जेरुसलेमला रस्त्यावर बसली, १९६४ मध्ये ते थांबलं. मावशी म्हणते, दोन हजार वर्षं शनिवार पाळला हा आमचा कागद. मग स्वतःच म्हणाली, शंभर वर्षं झाडं लावली हा त्यांचा.

तिचा एक मुलगा हे मानत नाही. त्याचा मुलगा लष्करात आहे, आणि त्याला जे वाटतं ते मी इथे बसून खोडून काढणार नाही. पण मावशीची नात दर ऑक्टोबरात मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) गटाबरोबर पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची जैतुनं उतरवायला जाते. इस्रायली माणसं बरोबर असली की हल्ला करणारे थोडे बिचकतात, म्हणून. घरी जेवताना दोघांचं कडाडून भांडण होतं आणि मावशी दोघांच्या ताटात भानोले वाढते.

वाडीकर, तुम्ही युरोपातल्या ज्यू लोकांनी दिलेल्या २५० रोपांचं एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्यासाठी ती ओळ फार मोठी आहे.


अनघा_पुणे

नवगावकरीण, हे इथे लिहिल्याबद्दल तुमचे आणि मावशींचे आभार. आणि जुने_दप्तर, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मिळालं नसतं तर बरं वाटलं असतं.


मंगळवेढा

एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे दुष्काळात लोकांनी जमिनी विकल्या आणि पुण्याला गेले, पोरं शिकली. शेत म्हणजे शेवटी पोटासाठी. इतका त्रास, मारहाण, कोर्टाचा खर्च. चांगला भाव घेऊन विकून का टाकत नाहीत?


वाडीकर

विचारण्यासारखाच प्रश्न आहे. कुटुंब सांगतं की त्यांच्यापुढे कोरा चेक ठेवला गेला होता, आकडा तुम्हीच घाला म्हणून. त्यांनी नाही म्हटलं. जमीन आईसारखी, ती विकत नसतात, हे तिथे कुणीही शेतकरी सांगेल. पण भावना बाजूला ठेवली तरी एक गोष्ट राहते. मंगळवेढ्याचं शेत विकलं तर ते गावातला दुसरा कुणी घेतो, गाव गावच राहतं, दिवाळीला तुम्ही परत जाऊ शकता. ती टेकडी गेली की नेवे दानिएलपासून बेतार इल्लितपर्यंत वस्ती सलग होते आणि खालचं नहालीन चारी बाजूंनी कोंडलं जातं. विकणारा एक असतो, पण बाहेर पडायची वाट सगळ्या गावाची जाते.


रेहाना_औरंगाबाद

धागा चांगला चालला आहे म्हणून एक बोचणारी गोष्ट बोलते. हे कुटुंब ख्रिस्ती आहे, बेथलेहेमचं आहे, जर्मन-इंग्रजी बोलतं, म्हणून जगभरच्या चर्चमधून माणसं त्यांच्याकडे येतात. ते चांगलंच आहे, त्यांच्या धीराबद्दल मला आदरच आहे. पण नहालीनच्या मुस्लिम शेतकऱ्याकडे कोण येतं? हेब्रॉनच्या दक्षिणेला मसाफेर यत्ता आहे. तिथेही माणसं गुहांत राहतात, मेंढ्या पाळतात. ऐंशीच्या दशकात तो भाग लष्करी सरावाचं क्षेत्र म्हणून जाहीर झाला, क्रमांक ९१८. बावीस वर्षं खटला चालला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना तिथून हलवायची वाट मोकळी केली. आठ वाड्या, हजाराच्या वर माणसं. त्यांच्याकडे १९१६ चं खरेदीखत नाही. न्यायालयाला ते तिथे 'कायम' राहत होते हेच मान्य झालं नाही. ऋतुमानाप्रमाणे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसाने कायम राहणं कसं सिद्ध करायचं?


वाडीकर

रेहाना, तुमचं म्हणणं खरं आहे. माझं तिथे जाणंच चर्चमुळे झालं. नस्सारांना हे माहीत नाही असं नाही. नहालीनच्या बायकांसाठी ते वर्ग चालवतात, उन्हाळ्यात मुलांची शिबिरं घेतात, आणि येणारी मुलं बहुतेक मुस्लिम. पण बाहेरचं लक्ष एका टेकडीवर खिळतं हे तुम्ही म्हणता तसंच आहे. मसाफेर यत्तावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी वाचेन आणि जमेल ती भर घालेन.


जुने_दप्तर

रेहाना यांच्या मुद्द्याला जोडून. ही जुनी गोष्ट नाही. २०२४ च्या जूनअखेर जॉर्डन खोऱ्यात एकाच घोषणेत १२,७०० दूनम जमीन सरकारी ठरवली गेली. त्याआधीच्या तीस वर्षांत एवढी मोठी घोषणा झाली नव्हती. आणि जुलै २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लादर्शक मत दिलं की १९६७ पासूनचा हा ताबाच बेकायदा आहे. दोन्ही गोष्टी महिन्याभराच्या आतल्या.

२०२५ मध्ये 'क' क्षेत्रात जमीन-नोंदणी पुन्हा सुरू करायचं इस्रायली मंत्रिमंडळाने ठरवलं. ऐकायला बरं वाटतं, १९६८ पासून थांबलेलं काम पुढे सरकणार. पण मोजणारा तोच, नोंदणारा तोच, आणि ज्याची नोंद सिद्ध होणार नाही ती जमीन त्याच्याच नावावर जाणार. माझ्या तीस वर्षांत मी एवढं शिकलोय की मोजणी कोण करतो हे पाहिल्याशिवाय मोजणीचं स्वागत करू नये.


तटस्थ

नवगावकरीण यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाडीकरांनी दोन्हीकडे एकच माप लावायला सांगितलं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. इस्रायलला सुरक्षित राहायचा हक्क आहे हे माझं मत कायम आहे. दीड हजार फळझाडांचा सुरक्षेशी संबंध मला जोडता येत नाही, हेही तितकंच खरं.


तासगावकर

कालपासून हा धागा बायकोला वाचून दाखवतोय. तिचा एक प्रश्न आहे. आमच्याकडे चिंचा, आवळे काठीने झोडतात. जैतुनं कशी उतरवतात? झोडतात की तोडतात?


वाडीकर

वहिनींना सांगा, हाताने. झाडाखाली मोठी कापडं अंथरतात, सगळे मिळून, घरातली पोरंसुद्धा. मग एकेक फांदी ओल्या केसांतून कंगवा फिरवावा तशी बोटांतून ओढायची. प्लास्टिकचे छोटे पंजेही असतात हातात धरायला. फळं कापडावर पडतात त्याचा आवाज सुरुवातीच्या पावसासारखा येतो. उंचावरच्यांसाठी शिडी. मग पानं वेचायची, पोती भरायची, आणि शक्य तितक्या लवकर घाण्यावर न्यायची, नाहीतर तेल आंबट होतं.

मी पहिल्या दिवशी घाई करून काठी उचलली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या हातातून ती हळूच काढून घेतली. जैतुनाला फळ मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीवर येतं. काठीने झोडलं की यंदाची कोवळी फांदी तुटते आणि पुढच्या वर्षी तिथे काही धरत नाही.